अंड्याले कूलर

कडकनाथाला एक खोड आहे. झाबुआच्या या काळ्या जातीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची कोंबडी अंड्यांवर बसायला नाखूश. अंडी घालायची आणि शेपूट उडवत चालू पडायचं. यवतमाळला आमच्या परसात हेच झालं. शेजारची गावरान कोंबडी खुडूक होईपर्यंत थांबायला चिरंजीव तयार नव्हते. त्यांनी थर्माकोलचा डबा, बल्ब आणि थर्मोस्टॅट जोडून यंत्र केलं. तापमान हवं साडेसदतीस अंश, मुदत 21 दिवस.

मुहूर्त मे महिन्याचा.

डबा थंड पडला की थर्मोस्टॅटने बल्ब लावायचा, एवढंच त्याचं काम. दुपारी तो लागेचना. चिरंजीव वायरी तपासत बसले. वायरी ठणठणीत होत्या, खोलीच चाळिशीपार होती! जगभर लोकांना अंड्यांना ऊब द्यायची काळजी. यवतमाळात ती काढून कशी घ्यायची, ही. त्यात ऊब थोडी कमी पडली तर पिल्लू उशिरा येतं, दोन-तीन अंश जास्त झाली तर बहुधा येतच नाही. शेवटी घरातला एकुलता एक कूलर, वाळ्याच्या नव्या ताट्यांसकट, अंड्यांच्या खोलीत गेला.

"काय जमाना आला बाप्पा!" आत्या ओसरीवरून म्हणाल्या. "माणसाले घामोळ्या अन् अंड्याले कूलर!"

अ‍ॅरिस्टॉटलने एका सिराक्यूजच्या दारुड्याची हकिकत लिहून ठेवली आहे. हा गडी चटईखाली मातीत अंडी ठेवायचा आणि ती फुटेपर्यंत वर बसून पीत राहायचा. हे ऐकताच आमच्या मेहुण्यांनी विज्ञानासाठी बसायची तयारी दाखवली. बहिणीने नुसतं पाहिलं, विज्ञान तिथेच थांबलं.

मग एका रात्री, लाइन गेलेली असताना, बंद अंड्यातून चिवचिव ऐकू आली. टॉर्च धरून सगळं घर डब्याभोवती. चोचीच्या टोकावरच्या बारीक दाताने आतून एक टवका उडाला. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. पत्नीची बोटं शिवशिवत होती, पण कवच सोलून मदत करायची नसते. आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या असतात. पहाटे भेग गोल फिरली, टोपण उचललं गेलं आणि ओल्या काळ्या कापसाचा बोळा बाहेर पडून तिथेच झोपला. आत्या गुळाचं पाणी घेऊन हजर. पोटात बलक शिल्लक असल्याने पिल्लाला दिवसभर तरी काही लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मानमोडीची लस म्हणजे वेगळंच प्रकरण. बर्फातून आणायची, डोळ्यात थेंब टाकायचा. बाटली शंभर पिल्लांची, आमची मावतील एका टोपलीत. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीभर हाकाटी केली. लोक पिशव्यांतून पिल्लं घेऊन आले आणि चहा पिऊन गेले.

पुस्तकात लिहिलं होतं: पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करावेत. पहिला आठवडा फुकटात निघाला. पण पुढचे 32 यवतमाळात मेमध्ये आणायचे कुठून? कूलर तिथेच राहिला. आत्यांनी आपली खाट त्या खोलीत हलवली. "पिल्लायवर लक्ष ठेवा लागते नं, मांजर येते," म्हणाल्या आणि ताट्यांकडे तोंड करून घोरू लागल्या.