तारीख तेवढी टाकायची राहिली

भाऊसाहेबांचा राजीनामा तयार आहे, तारीख तेवढी टाकायची राहिली आहे. श्रीरामपुरात ही बातमी इतकी जुनी झालीय, की मेन रोडवरचा चहावालासुद्धा ग्लास पुढे सरकवताना "काय भाऊसाहेब, टाकली का तारीख?" असंच विचारतो. भाऊसाहेब शर्टाचा खिसा थोपटतात आणि म्हणतात, "एवढा जुलै जाऊ द्या."

आमच्याकडे तलाठ्यापासून शाळेतल्या क्लार्कपर्यंत सगळेच भाऊसाहेब. हे शाळेतले. शंभर टक्के अनुदान, कायम पद, ‘शालार्थ’मधून पगार. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही हे गृहस्थ राहतात, पण तिथं ते आयटीत असतात आणि ‘स्टार्टअप’ म्हणतात. आमचे भाऊसाहेब नुसतं ‘ऑनलाइन’ म्हणतात. ऑनलाइन काहीतरी करायचं, एवढं पक्कं. काय करायचं ते मात्र महिन्याला बदलतं. कधी गावरान तूप, कधी टी-शर्टावर छापलेल्या म्हणी, कधी स्पर्धा परीक्षांच्या नोट्स. एकदा शनिशिंगणापूरचं तेल घरबसल्या वाहण्याची योजना होती, ती वहिनींनी ऐकूनच घेतली नाही.

राजीनामा मात्र बदलत नाही. ‘विषय : पदाचा राजीनामा मंजूर होणेबाबत’ इथपासून ‘आपला विश्वासू’पर्यंत कागद कसा देखणा आहे! सगळं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात गेलेल्या माणसानं एकदाच काय तो स्वतःसाठी अर्ज लिहिला, तेव्हा त्यानं जीव ओतला तर नवल नाही. समास सोडलेला, संदर्भ दिलेले, तीन महिन्यांच्या नोटिशीचा नियम नोंदवलेला. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्यातलं सातवं कलम भाऊसाहेबांना तोंडपाठ आहे. कर्मचाऱ्यानं राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख टाकावी, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला धाडावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. संस्थाचालक नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेतात आणि कपाटात ठेवतात, अशी पूर्वी ओरड असायची. ती वाट बंद करणारं हे कलम. भाऊसाहेबांनी ते जवळजवळ पूर्ण पाळलं आहे. दोन प्रती केल्या, दोन्हींवर सह्या केल्या. फक्त दोन्ही स्वतःजवळ ठेवल्या.

कपडे धुवायला घेताना वहिनी आधी शर्टातला राजीनामा काढतात आणि फ्रीजवर लाइट बिलाशेजारी ठेवतात. मुलगी लहानपणी विचारायची, "पप्पांचं हे कसलं तिकीट?" एका पावसाळ्यात कागद भिजला, तेव्हा भाऊसाहेबांनी नवी प्रत काढून ती लॅमिनेट करून आणली. सायंकाळी मला दाखवली. मी म्हटलं, "छान झालंय. आता तारीख कशी टाकणार?" त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्या वर्षीचा प्रश्न तिथंच मिटला. माणूस इतका मोकळा मी आधी कधी पाहिला नव्हता.

वार्षिक वेतनवाढ १ जुलैला पडते. ती सोडून आधी जायला माणूस वेडा आहे का? जुलै झाला की महागाई भत्त्याचा जीआर येणार असतो. मग दिवाळी. दिवाळीनंतर जानेवारीचा भत्ता. मार्चमध्ये आयकराची फाइल आणि दहावीची परीक्षा, त्या गडबडीत शाळा अडचणीत टाकणं बरं दिसत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे रामनवमीची यात्रा. मे महिन्यात सुट्टीचा पगार मिळतो, तो कशाला सोडा? आणि पुन्हा जुलै. हे झालं साधं वर्ष. सातवा वेतन आयोग राज्यात २०१९ साली लागू झाला, पण हिशेब १ जानेवारी २०१६ पासून, थकबाकी पाच हप्त्यांत. म्हणजे भाऊसाहेबांची पाच वर्षं सरकारनंच परस्पर बांधून ठेवली. त्यातून सुटतात न सुटतात तोच जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं आठव्या आयोगाला मंजुरी दिली. त्या दिवशी ते माझ्याकडे पेढे घेऊन आले. चेहरा मात्र पडलेला होता. "सर, पुन्हा अडकलो."

मार्च २०२३ मधला जुन्या पेन्शनचा संप आठवत असेल. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि भाऊसाहेब त्यानंतरचे. तहसील कचेरीवरच्या मोर्चात ते पहिल्या रांगेत होते. मूठ आवळून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असं ओरडत होते, आणि मूठ वर गेली की खिशातून राजीनाम्याचा कोपरा डोकावत होता. निवृत्तीनंतरच्या पेन्शनसाठी घसा बसवणारा आणि पुढच्या जुलैला नोकरी सोडणारा माणूस एकाच शर्टात मी तेव्हा पाहिला. त्यांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "२०१७ ला शिवसेनेचे मंत्री नव्हते का राजीनामे खिशात घेऊन फिरत? त्यांनी कामं थांबवली का?" हे मात्र खरं होतं.

थोरामोठ्यांचे दाखले त्यांच्याकडे भरपूर आहेत आणि प्रत्येक दाखल्याला तोडगाही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. बढतीत डावलले गेले तसे नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींचा धंदा केला, पुढं नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. ही गोष्ट भाऊसाहेब इतकी रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याला आपणच उठून राजीनामा द्यावासा वाटतो. मग ते थांबतात आणि म्हणतात, "पण सर, त्यांना डावललं. मला कोण डावलतंय? सगळं वेळेवर मिळतं. अडचण तीच आहे." मी सांगितलं, लक्ष्मणराव आधी नोकरीत राहूनच मुंबईहून सायकली धाडत आणि बेळगावला त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकत. तुम्हीही तसं करा. भाऊसाहेबांनी विचार केला. "मला भाऊ नाही. दोन बहिणी आहेत, दोघी वैजापुरात."

सारोळा कासारच्या सुमनताई धामणे म्हणजे ‘आपली आजी’ यूट्यूबवर स्वयंपाक शिकवून महाराष्ट्रभर पोचल्या, त्याही आपल्याच जिल्ह्यातल्या. भाऊसाहेबांना त्यांचा सार्थ अभिमान आहे. "पण आजींना राजीनामा द्यावा लागला नव्हता," हे वर असतंच.

प्रत्यक्ष धंदा त्यांनी केलाच नाही असं नाही. लॉकडाऊनमध्ये सुरतेहून साड्यांचा एक गठ्ठा मागवला. आमच्या गावाची एक गंमत आहे. गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ‘बेलापूर’, आणि खरं बेलापूर गाव पलीकडे वेगळंच. भाऊसाहेबांनी फोनवर हौसेनं सांगितलं, "बेलापूरला टाका, स्टेशनजवळ." गठ्ठा नवी मुंबईच्या बेलापूरला स्टेशनजवळ जाऊन पडला. तिथल्या माणसानं तो आपला नाही हे चार दिवसांनी कळवलं, तोपर्यंत भाऊसाहेबांचे निम्मे केस पिकले. ४१३७०९ एवढे सहा आकडे सांगितले असते तर भागलं असतं.

साड्या आल्या, ऑर्डरीही आल्या, आणि अर्ध्या परत आल्या. माल दारात आला की लोक पैसे द्यायला नाही म्हणायचे. ऑनलाइनवाल्यांच्या भाषेत अशा परत फिरलेल्या पार्सलाला ‘आरटीओ’ म्हणतात. भाऊसाहेब एकदा हताश होऊन चहाच्या टपरीवर म्हणाले, "आरटीओनं पार मारलं राव मला." श्रीरामपूर जिल्ह्याचं ठिकाण नाही, पण आरटीओ ऑफिस आहे, गाड्यांना एमएच-१७ मिळतो, आणि त्या ऑफिसात ज्याची ओळख नाही असा माणूस टपरीवर सापडणं कठीण. तिघांनी एकदम फोन काढले. एकानं "कोणती गाडी आहे?" असंही विचारून टाकलं.

श्रीरामपूर जिल्हा व्हावा ही मागणीही तशीच खिशातली. नगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. त्याचं विभाजन होणार हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं आहे, प्रत्येक निवडणुकीत त्याचा मसुदा निघतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्यानगर झालं. विभाजनाची तारीख तेवढी टाकायची राहिली. अशा गावात भाऊसाहेबांना कोण हसणार?

साड्यांनंतर आल्या वहिनींच्या कुरडया. गव्हाचा चीक, शुभ्र, तळल्यावर ताटभर फुलणाऱ्या. नोकरीत असताना दुसरा धंदा करता येत नाही म्हणून सगळं वहिनींच्या नावावर. आपल्याकडे मास्तरांच्या बायकांच्या नावावर विमा एजन्सी असण्याची जुनी रीतच आहे, फरक एवढाच की इथं काम खरोखर बाई करते. भाऊसाहेबांनी कागदपत्रं बघितली. आणि काय बघितली! तेव्हाच्या नियमाप्रमाणे बारा लाखांच्या आतल्या उलाढालीसाठी फूड सेफ्टीची वर्षाला शंभर रुपयांची नोंदणी. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या माणसाला जीएसटी नंबराशिवाय विक्री करता येते, त्या अधिसूचनेची प्रत. पॅन, उद्यम, बँकेचं पत्र. फाइलला अनुक्रमणिका, पानांना आकडे. जमा असलेल्या कुरडयांपेक्षा फाइल जड होती.

आणि रात्रीचं पॅकिंगही त्यांचंच. एकदा गेलो तर माणूस सतरंजीवर मांडी घालून बसलेला. एकेक कुरडई दोन्ही तळव्यांवर उचलून डब्यात ठेवायची, मध्ये कागद, वर दुसरी. कागद म्हणजे शाळेच्या रद्दीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका. एका पुणेकर बाईंनी कळवलं होतं, ‘कुरडया उत्तम, सातवीचं हिंदी अवघड.’ मग लेबल. छापील लेबलं स्वस्त पडतात, पण भाऊसाहेब हातानं लिहितात. मोत्यासारखं अक्षर, खाली दोन रेघा मारून पिनकोड. मी तासभर बसलो, त्यात राजीनाम्याचा विषय एकदाही निघाला नाही.

विषय मीच काढला. जेफ बेझोसनं १९९४ मध्ये चांगली नोकरी सोडली, हा त्यांचा लाडका दाखला. मी चेष्टेनं म्हटलं, "अहो, त्याच्या आईवडिलांनी दुसऱ्याच वर्षी अडीच लाख डॉलरच्या आसपास घातले धंद्यात. तुमच्या वडिलांनी किती घातले असते?"

भाऊसाहेबांनी कुरडई डब्यात ठेवली. वडील जवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. कायम. कारखान्याच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावत. एका हंगामात भोंगा झालाच नाही. "आण्णांनी आम्हाला कळूच दिलं नाही. खाकी घालून डबा घेऊन निघायचे, वेळ झाली की. एसटी स्टँडवर बसायचे, आणि शिफ्ट सुटायच्या टायमाला परत. आई रोज डबा भरून द्यायची. तिला माहीत होतं. किराणावाल्याची वही बघितली होती तिनं." एवढं सांगून ते पुढच्या पत्त्याकडे वळले. चिंचवड, ४११०३३.

मला तेव्हापासून त्यांची चेष्टा करणं थोडं जड जातं. थोडंच. कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर त्यांनी खिसा थोपटून "एवढा जुलै" म्हटलंच. पण त्या कागदाचं काम काय ते मला कळलं. हेडमास्तर वर्गासमोर बोलतात, संस्थेच्या सचिवांचा भाचा कॅश रजिस्टर मागतो, शिक्षणाधिकारी कार्यालयातला पोरगा तीच माहिती चौथ्यांदा मागतो. अशा वेळी भाऊसाहेबांचा हात खिशाकडे जातो आणि आवाज चढत नाही. आण्णांना नोकरीनं न विचारता सोडलं. यांना निदान विचारल्याशिवाय ती सोडू शकणार नाही, एवढी खात्री त्या दुहेरी प्रतीत आहे. राजीनामा त्यांना नोकरी सोडायला लागतच नाही, टिकवायला लागतो. अशा माणसाला ‘धाडस करा, उडी मारा’ सांगणारे मोबाइलवरचे गुरू मला फार धोकादायक वाटतात. त्यांतल्या कितीजणांचा पगार आपल्यासारख्यांच्या कोर्स-फीमधून येतो, ते त्यांनी एकदा अनुक्रमणिकेसह सांगावं.

तेव्हा तुम्हाला आमचे भाऊसाहेब भेटले आणि "सोडू का?" म्हणाले, तर ‘सोडा’ म्हणू नका, रात्रभर झोपत नाहीत. ‘नका सोडू’ही म्हणू नका, अपमान वाटतो. ‘विचार करण्यासारखं आहे’ म्हणा आणि चहा सांगा. कुरडया हव्या असतील तर चैत्र-वैशाखातच कळवा, ऊन गेलं की होत नाहीत. पिनकोड लिहा. आणि पैसे आधी पाठवा, माल आल्यावर पैसे देण्याची सोय वहिनींनी बंद केली आहे.