सात मिनिटं आधी

अमेरिकेहून येणाऱ्या बॅगांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. आधीच्या पिढीच्या बॅगांतून टँगच्या बरण्या, सेंटच्या बाटल्या आणि सबंध कपाटाला वास लावणारे साबण निघायचे. मग कॅलिफोर्नियाचे बदाम आले. मग गुडघ्यांच्या गोळ्या आणि व्हिटॅमिनं. आता झोप येते. गेल्या दिवाळीत न्यू जर्सीच्या भाच्यानं बॅग उघडून एक भलीमोठी बरणी माझ्या हातात ठेवली. आत छोट्या अस्वलांच्या आकाराच्या, साखरेत घोळलेल्या लालभडक गोळ्या.

"मामा, मेलाटोनिन. रात्री एक चघळायची आणि पडायचं. तिकडे सगळे घेतात. एकदम नॅचरल आहे."

नॅचरल तर खाजकुइलीही असते. पण भाचा चार दिवसांचा पाहुणा, त्याच्याशी वाद कोण घालणार? शिवाय मला स्वतःला झोपेची ददात नाही. गायक षड्ज लावेपर्यंत मी जागा असतो, पुढचं सोबत आलेल्यांना विचारावं लागतं. त्या बरणीकडे खरी नजर वळली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची.

काका सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. हिशेब जुळल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, आणि आता जुळवायला हिशेब नाही म्हणून लागत नाही. रात्री दोनला जाग आली की ते सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा वर्षाचा खर्च मनात मांडतात, आणि सकाळी जिन्यात गाठून सेक्रेटरीला ऐकवतात. त्यामुळे काकांना झोप लागावी ही सबंध सोसायटीची गरज होती.

काकांनी बरणी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला प्रश्न विचारला, "शाकाहारी आहे का?"

बारीक अक्षरांत जिलेटिन लिहिलं होतं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. अस्वलं तिथल्या तिथे बाद झाली. पण औषध बाद झालं नाही, कारण काकांच्या मते मूळ तरतूद योग्य होती, फक्त खर्चाची पद्धत आक्षेपार्ह होती. त्यांनी प्रकरण अभ्यासाला घेतलं आणि पुढचे कित्येक दिवस आम्हाला कट्ट्यावर टप्प्याटप्प्यानं अहवाल मिळत गेला.

पहिला टप्पा इतिहासाचा. मेलाटोनिन शोधणाऱ्याला झोपेशी काही देणंघेणंच नव्हतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. कातडीचा रंग कशानं बदलतो याच्या मागे ते लागले होते. 1958 साली त्यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींमधून हा पदार्थ वेगळा काढला. त्यानं बेडकाची कातडी उजळ होत असे. माणसाची होत नाही. नाहीतर आपल्याकडे ही गोळी झोपेसाठी न खपता लग्नाच्या हंगामात खपली असती. आज ती प्रयोगशाळेत बनते, गुरांचा संबंध उरलेला नाही, हे ऐकून काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. तोवर काकांनी मेडिकलमधून तीन मिलिग्रॅमची स्ट्रिप आणून देवघराशेजारच्या कपाटात ठेवली होती.

ही पिनियल ग्रंथी जेमतेम पाच ते आठ मिलिमीटरची. मेंदूच्या पार आत, मधोमध. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला वाटायचं की आत्म्याचं मुख्य ठिकाण हेच. "एवढ्या लहान जागेत मुख्य कार्यालय?" काका म्हणाले. पण त्या ग्रंथीचं काम खरोखरच कार्यालयीन आहे. डोळ्यांत उजेड शिरतो, त्याची नोंद मेंदूतल्या घड्याळाकडे जाते, आणि अंधार पडला की ते घड्याळ पिनियलला मेलाटोनिन सोडायची परवानगी देतं. आपल्या नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते रक्तात वाढू लागतं, मध्यरात्रीनंतर भरात येतं आणि सकाळी ओसरतं.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे. मेलाटोनिन झोप आणत नाही. संगीत नाटकात चोपदार येऊन महाराज येत असल्याची ललकारी देतो ना, तेवढंच त्याचं काम. महाराज विंगेत विडी ओढत बसले असतील तर चोपदारानं घसा फाडूनही प्रवेश होत नाही. काका साडेनऊला गोळी घ्यायचे आणि पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, नाकापासून वीतभर अंतरावर मोबाइल धरून, बहात्तर जणांचे शुभरात्रीचे संदेश वाचायचे. म्हणजे पोटातून रात्र झाल्याची वर्दी आणि डोळ्यांतून भर दुपारची. आपल्या घरांतून अंधारच हद्दपार झाला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राला सरकारी खर्चानं मेलाटोनिन मिळत होतं. डासांमुळे त्याचा गुण आला नाही, एवढंच.

दुसरा टप्पा फायद्याचा. काकांना कुठूनतरी 2013 सालचा एक आढावा सापडला. एकोणीस चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की मेलाटोनिन घेणाऱ्याला सरासरी सात मिनिटं आधी झोप लागते आणि एकूण झोप आठ मिनिटांनी वाढते.

"सात मिनिटं!" काका कट्ट्यावर उभेच राहिले. "माझी दोन ते पाच जाते. एकशेऐंशी मिनिटं. त्यात सातची वसुली?"

"सात मिनिटांत ह्यांची उशी सरळ होत नाही," काकू म्हणाल्या.

अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीनंही 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट निद्रानाशासाठी हे न वापरण्याचाच सल्ला दिला आहे. मग कुणाला उपयोग होतो? तर घड्याळच सरकलं असेल त्याला. आमची ही परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाहून परत आली तेव्हा रात्री दोनला पोहे करायला घ्यायची आणि दुपारी चारला पाहुण्यांसमोर डुलायची. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं काही रात्री आपल्या झोपेच्या वेळेला मेलाटोनिन घेतलं, सकाळी उन्हात फिरली, आणि पोहे सकाळवर आले. पाच किंवा जास्त कालपट्टे ओलांडणाऱ्यांना, त्यातही पूर्वेकडे येणाऱ्यांना, याचा चांगला उपयोग होतो हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. मात्र वेळ चुकली तर घड्याळ उलट्या दिशेलाही सरकतं. पहाटे तीनशिवाय ज्यांना झोपच येत नाही अशा तरुणांना, आणि डोळ्यांतून उजेडाची नोंदच जात नसल्यानं ज्यांचं घड्याळ रोज थोडंथोडं घसरत जातं अशा काही अंध व्यक्तींनाही ते देतात. काका यांपैकी कशातच बसत नव्हते. त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे पेन्शनच्या हयातीचा दाखला द्यायला बँकेत.

तिसरा टप्पा लेबलाचा, आणि यात काका खरे रंगले. अमेरिकेत 1994 च्या कायद्यापासून मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकलं जातं. औषधाला जेवढी तपासणी, तेवढी याला नाही. ब्रिटनमध्ये हेच डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. 2023 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक तपासणी छापून आली. बाजारातून पंचवीस प्रकारच्या गमी आणल्या, तर बावीस ठिकाणी लेबल आणि माल जुळेना. कुठे सांगितलेल्याच्या 74 टक्के, कुठे 347 टक्के. एका बरणीत तर मेलाटोनिन नव्हतंच.

काकांचा चेहरा असा उजळला की मला लर्नरचे बेडूक आठवले. "पंचवीसपैकी बावीस! असा ताळेबंद आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीनंही कधी दिला नाही."

भाच्याच्या बरणीवर दहा मिलिग्रॅम लिहिलं होतं. रक्तातली पातळी नेहमीच्या रात्रीएवढी आणायला 0.3 मिलिग्रॅम पुरतं, असं मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले रिचर्ड वर्टमन सांगत असत. म्हणजे तेहतीस पट. जास्त घेतल्यानं झोप जास्त लागत नाही; सकाळी डोकं जड राहतं, कुणाला मळमळतं, कुणाला चक्कर येते, कुणाला भडक स्वप्नं पडतात. काकांना आपण पुन्हा खात्याच्या परीक्षेला बसलो आहोत आणि पर्यवेक्षक म्हणून काकू आल्या आहेत, असं स्वप्न तीन मिलिग्रॅमवरच पडलं.

एका आकड्यावर मात्र कट्ट्यावर कुणी विनोद केला नाही. मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे 2012 साली 8,337 होत्या, 2021 साली 52,563. बहुतेक पाच वर्षांपर्यंतची मुलं, आणि बहुतेक वेळा चुकून. औषधाला अस्वलाचा आकार आणि वर साखर, मग मूल काय करील? आमच्या हिनं त्याच संध्याकाळी बरणी माळ्यावर, सत्यनारायणाच्या चौरंगामागे नेऊन ठेवली.

शेवटी काकूंनी काकांना डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, कारण अहवालाच्या प्रती धरायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टरांनी अहवाल बाजूला सारून आधी काकांच्या चालू गोळ्या विचारल्या. रक्त पातळ करणारी एक, रक्तदाबाच्या दोन.

"आणि त्यांत हिची भर टाकताना मला विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर मेलाटोनिन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिट्सच्या औषधांशीही त्याचं नेहमी पटतं असं नाही. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांसारखी त्याची सवय लागत नाही, थोड्या दिवसांसाठी ते बहुतेकांना सोसतं, पण वर्षानुवर्षं घेण्याइतका पुरावा नाही. हे सगळं सांगून डॉक्टरांनी काकांना गोळीऐवजी एक वही लिहून दिली. अंथरुणावर कधी गेलात, झोप कधी लागली, जाग कधी आली, उठलात कधी. रोजची नोंद.

वही म्हटल्यावर काकांचे डोळे लकाकले.

पुढच्या भेटीला त्यांनी लाल शाईनं आखलेली वही टेबलावर ठेवली. अंथरुणात साडेनऊ ते साडेपाच, आठ तास. प्रत्यक्ष झोप पाच तास. साडेबासष्ट टक्के. डॉक्टर खूश झाले. साडेअकराच्या आत पलंगाकडे फिरकायचं नाही, एवढी एक सुधारणा त्यांनी सुचवली. मग पान उलटत विचारलं, "दुपारचा रकाना कोरा कसा?"

काका गप्प.

"दीड ते साडेतीन. घोरण्यासकट," काकू म्हणाल्या.

"ती झोप नाही, वामकुक्षी," काका म्हणाले. "तिचं लेखाशीर्ष वेगळं आहे."

डॉक्टरांनी पेन्सिलीनं पाच आणि दोन यांची बेरीज केली, खाली दुहेरी रेघ मारली आणि वही काकांकडे सरकवली. काकांनी ती बराच वेळ पाहिली. मग खिशातून पेन काढून आक्षेपासमोर एक ओळ लिहिली. उभ्या नोकरीत समोरच्याची ही ओळ त्यांनी कधी मान्य केली नव्हती: "खुलासा पुढील तपासणीच्या वेळी सादर करण्यात येईल."