गुलाबी बाटलीवाले आप्पा

साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत आणि सांगलीत गणपती मंदिरापासून विश्रामबागेपर्यंत गल्लीगल्लीत एक आप्पा असतात. सातारा-सांगली एसटीत तर हमखास, कारण घर इकडं आणि लेक तिकडं दिलेली. जाताना पिशवीत कंदी पेढे, येताना भडंग. ॲसिडिटीची गुलाबी बाटली मात्र दोन्ही वेळा. कराडला मिसळ-कट हाणायचा आणि पेठ नाका यायच्या आत तोंडाला बाटली लावायची. चमचा वगैरे आजारी माणसांसाठी! शेजारच्या सीटवर कुणी नुसता ढेकर दिला, तरी आप्पा झाकण उघडून पुढं करतात. "घ्या, थंड वाटंल."

सकाळी उठल्याउठल्या थायरॉईडची गोळी, आणि तीही बाटलीतल्या घोटाबरोबर. "पाण्यानं जळजळ हुती." गोळीचा डोस दोनदा वाढला, तरी टीएसएच खाली येईना. मग मिरज. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली तिथं रुग्णालय काढलं तेव्हापासून इकडच्या माणसाला मिरजेच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय आपण खरंच आजारी आहोत असं वाटत नाही.

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"कायबी न्हाय."

"आवो, आन् ती बाटली?" काकू म्हणाल्या.

"ती काय औषध हाय व्हय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या बाटलीत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. थायरॉईडची गोळी त्यांना पोटातच चिकटते, रक्तात पुरेशी पोचतच नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. रक्तवाढीची लोहाची गोळी घ्या, डॉक्सिसायक्लिन घ्या नाहीतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, बाटलीच्या संगतीला लागली की तीही बरीचशी वाया. काही गोळ्यांना तर आतड्यात जाऊन विरघळावं म्हणून वेष्टन घातलेलं असतं. पोटातलं आम्ल मारलं, की ते जठरातच सुटतं.

"मंग सोडा चालंल?" आप्पांनी घासाघीस सुरू केली.

"त्यात सोडियम. बीपी किती आहे तुमचं?"

आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "पर ही बाटली चिठ्ठीबिगर मिळती की!" हा त्यांचा शेवटचा मुद्दा. तशी ती मिळते, त्यात गैर काही नाही; पण दुकानात चिठ्ठी मागत नाहीत म्हणजे पोटातही कुणी विचारणार नाही, असं मानणारे आप्पा एकटे नाहीत. इतक्या वर्षांची जळजळ एकदा नीट तपासून घ्या, हे डॉक्टरांचं वाक्य त्यांनी सोयीस्करपणे ऐकलंच नाही.

चार तास मात्र डोक्यात पक्के बसले. आता एसटीत बाटली पुढं करण्याआधी ते समोरच्याच्या गोळ्यांची उलटतपासणी घेतात. गेल्या खेपेला तर त्यांनी कंडक्टरलाही पेढा आणि चहा यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं.