सासू नसलेला पदार्थ

झाडीपट्टीत सुनेने वडा-भात करायला घेतला की तिने आधी वकील पाहून ठेवावा. गरम भातावर वडा कुस्करायचा, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल सोडायचं, एवढंच ते काम. पण पंगतीला बसलेला प्रत्येक जण त्या वड्याच्या जन्मापासूनचा जाणकार. भरडा रवाळ हवा होता, तो बारीक आला. मोहरी करपली. हिंग आहे, पण ऐकू येत नाही. आमच्या घरी सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, यातलं काहीच म्हणायचं नसतं. ते फक्त ताटातला वडा बोटाने एकदा उलटून पाहतात. गाडीचं टायर पाहावं तसा.

लग्न होऊन मी पवनीहून बपेऱ्याला आले. जिल्हा तोच, भंडारा, तांदूळही तोच. तरी माहेरची पाटोडी इथे ‘पवनीची पाटोडी’ ठरली, म्हणजे बाहेरची. बपेरा हे तुमसर तालुक्यातलं अगदी काठावरचं गाव. नदी ओलांडली की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या गावात लोक उदार असतील असा माझा समज होता. उदार आहेतही, पोहे-जलेबी नदीपलीकडून बिनतक्रार आली. पण चिन्नोर तांदळाचा विषय निघाला की तोल जातो. या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन भंडाऱ्याचंही आहे आणि 2021 मध्ये मिळालेलं बालाघाटचंही. भाताच्या वाफेला कोणत्या राज्याचा वास येतो, यावर आमच्या ओसरीत मी बैठका झडलेल्या पाहिल्या आहेत.

तर अशा घरात मला एक शोध लागला, आणि तो रागातून लागला. ज्या पदार्थाला घरात सासू आहे, तो कधीच पास होत नाही. सासू म्हणजे मापदंड: कुणाच्या तरी आईच्या, आजीच्या हातची, आठवणीत दर वर्षी आणखी चविष्ट होत जाणारी एक चव. वरणाला ती आहे, पाटोडीला आहे, साध्या मिरचीच्या ठेच्यालासुद्धा आहे. मग करावा असा पदार्थ, जो या घरात कुणी खाल्लेलाच नाही. तो बिघडला हे सांगायला साक्षीदार आणणार कुठून?

पहिला मान रिसोटोचा. इटलीच्या उत्तर भागातला हा भात. त्याला आखूड, जाड, पिठूळ दाण्याचा तांदूळ लागतो. गरम पाणी पळी-पळीने घालत ढवळत राहायचं, म्हणजे दाण्यातलं पीठ सुटून भात आपोआप लपथपीत होतो. फोनवरच्या व्हिडिओतल्या बाईंनी जे जे सांगितलं, त्यातलं घरात फक्त पाणी होतं. शिवाय नदीच्या बाजूला उभं राहून बघायला गेलं की फोन मध्य प्रदेशाचं नेटवर्क पकडतो, आणि बाई नेमक्या मोक्याच्या क्षणी थिजतात.

सुवासिक चिन्नोर ढवळून मोडायचा म्हणजे पाप. मोकळा शिजणारा एचएमटी तांदूळ रिसोटोला नकार देतो. मग लक्ष गेलं कनकीवर. गिरणीतून आलेली तांदळाची कणी. तिच्या वाट्याला चिला नाहीतर कोंबड्या. पण तुटलेल्या दाण्यातून पीठ भराभर सुटतं, आणि रिसोटोला हवं असतं तेच. साध्या पाण्याऐवजी मी सुकलेले झिंगे भाजून त्यांचं पाणी घेतलं. चीजच्या जागी शेवटी तूप. राहिली वाइन.

‘‘का लागते म्हने?’’ मामाजींनी ओसरीतून विचारलं. पांढरी वाइन, मी म्हटलं. ते स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. ‘‘मोहाची चालन का?’’ स्वयंपाकात त्यांनी दाखवलेला तो पहिला रस. मी लिंबू पिळलं आणि ते निराश होऊन परत गेले.

भात ताटात पडला. मामाजींनी तो उलटून पाहायला बोट नेलं, पण उलटायला त्यात वडा नव्हता. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, एक घास घेतला, नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर निकाल लागेना. हा असाच असतो की फसलाय? ‘‘असाच असते का वं?’’ त्यांनी अखेर विचारलं. ‘‘अगदी असाच,’’ मी म्हटलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या पदार्थाबद्दल शेवटचा शब्द माझा होता. पातेलं पुसून निघालं. पुढे झडीच्या दिवसांत त्याची फर्माईश यायला लागली. मामाजी बाहेर त्याला ‘रिसोडचा भात’ म्हणतात. वाशिम जिल्ह्याच्या नावावर आमच्या गावात ही कीर्ती जमा झाली आहे आणि तिकडे कुणाला खबर नाही.

यानंतर माझी भीड चेपली. पुढची पाळी लाखोळीच्या डाळीची. आमच्याकडे धान कापायच्या आधीच, ओल्या बांधीत उभ्या धानातच लाखोळी फेकतात. धान निघतं आणि ती उरलेल्या ओलीवर वाढते. नुसतं हेच धान्य महिनोन्‌महिने खाल्लं तर त्यातल्या विषाने पाय लुळे पडतात, म्हणून 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. आपल्या माणसांनी डाळ भिजवून ते पाणी फेकायची रीत ठेवली होती. तेवढ्याने विष बरंच उतरतं. मी डाळ भिजवली, पाणी फेकलं, शिजवली, पुन्हा पाणी फेकलं. मग लसूण, लिंबू, भाजलेल्या तिळाचं वाटण घालून लोण्यासारखी घोटली आणि ऑलिव्ह तेलाच्या जागी जवसाचं कच्चं तेल सोडलं. झाला हुमस.

मामाजींनी वाटीत वाकून पाहिलं. ‘‘एवढ्या सालाची बंदी उठवली, ते याच्यासाठी का?’’

हुमस मुळात काबुली चण्याचा. तो नेमका कोणाचा, यावरून लेबनॉन आणि इस्रायल यांचं भांडण आहे. 2010 मध्ये लेबनॉनच्या आचाऱ्यांनी 10,452 किलो हुमस एका थाळीत करून विक्रम केला. लेबनॉनचं क्षेत्रफळ जितके चौरस किलोमीटर, तितके किलो. हे ऐकल्यावर मात्र मामाजी सावरून बसले. पदार्थावरून दोन मुलखांत वाद आहे म्हणजे पदार्थात दम असला पाहिजे, हे चिन्नोरवाल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्यांनी हुमसात बुडवला, मग दुसरा. आता लाखोळी घरी आली की वर्षाची डाळ बाजूला काढताना ‘‘याच्यातली थोडी त्या लेबनानसाठी ठेव,’’ असं तेच बजावतात.

आत्याबाईंची हरकत वेगळी होती. हे सगळं परदेशी, आपल्याला पचेल का? त्यांनी हे विचारलं त्या दिवशी एकादशी होती आणि त्यांच्यासमोर साबुदाण्याची खिचडी होती. मी सांगितलं की साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणे तिकडचे, वरची हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीही इथल्या कुठल्याच व्रताला माहीत नव्हतं. त्यांनी ताटाकडे शांतपणे पाहिलं, घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘देव का पासपोट पायते?’’ त्या दिवसापासून आमच्या घरात परदेशी असल्याची तक्रार कायमची निकालात निघाली.

माझा सिद्धान्त एकदाच आपटला, आणि जिथे आपटला तिथेच तो पक्का झाला. पोरांनी पास्ता मागितला. तुमसरच्या बाजारातून पिळाच्या नळ्यांचं पाकीट आलं, रीतसर शिजलं, टोमॅटोच्या रश्शात पडलं. आत्याबाईंनी एक पीळ चिमटीत धरून उजेडात पाहिला. ‘‘हे तं सरगुंडे होत.’’

संपलं. सरगुंडे म्हणजे आपल्या विदर्भातला जुना प्रकार: कणकेची दोरी बारीक काडीवर गुंडाळायची, काडी अलगद काढून घ्यायची, पीळ वाळवायचे आणि उन्हाळ्यात वाफवून आंब्याच्या रसाबरोबर खायचे. त्यांची आई ते करायची. आईची आई तर असे करायची की पीळ मोजून घ्यावेत. पास्त्याला आमच्या घरात सासू निघाली आणि तो बिचारा पहिल्या घासातच नापास झाला. ‘‘काडीवरून उतरवला नाई, यंत्रातून काहाडला,’’ हे त्याच्यावरचं दोषारोपपत्र. पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी स्वतः सरगुंडे वळले. पोरांनी अर्धे रसात खाल्ले आणि अर्धे टोमॅटोच्या रश्शात, तेव्हा म्हातारीने मला एकच सांगितलं: ‘‘तुह्या रश्शाले आता बरे दिवस आले.’’

नव्या गोष्टीला सासू नसल्याचा हा फायदा मिळतो, पण तो फार दिवस टिकत नाही. आमच्याच झाडीपट्टीतलं उदाहरण आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. 1983 मध्ये पटेल 3 या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते धान त्यांनी निराळं ठेवलं, वर्षामागून वर्ष निवडून पेरलं. त्या काळात ज्याच्या-त्याच्या मनगटाला ज्या घड्याळाची हौस होती, त्या एचएमटीचं नाव त्याला मिळालं. बारीक दाणा, मोकळा भात. आधी असा तांदूळ कुणी खाल्लेला नव्हता, म्हणून ‘आमच्या वेळचा’ असं कुणी म्हणू शकलं नाही. दादाजी 2018 मध्ये गेले. आणि आज? कुठलंही नवं वाण घरात आलं की बाया मूठभर दाणे तळहातावर घेऊन म्हणतात, ‘‘बरा आहे, पन एचएमटीची सर नाई.’’ बिनसासूचं आलेलं ते धान आता साऱ्या तांदळांची सासू होऊन बसलंय.

माझं काही वेगळं झालेलं नाही. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि तिरोड्याहून जाऊ आली. शिकलेली, उत्साही. तिने एक दिवस रिसोटो केला. नागपूरहून आणलेलं खरं चीज, डब्यातले मशरूम, सगळं फोनबरहुकूम. मी पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले: ‘‘झिंगे नाई टाकले का वं?’’

‘‘ताई, खऱ्या रिसोटोत झिंगे नसतात,’’ ती नम्रपणे म्हणाली.

‘‘आमच्याकडे असतात,’’ मी म्हटलं. आत्याबाईंनी मान डोलावली. मामाजींनीही. चीजऐवजी तूप कधी घालायचं, कनकी किती जाडीची असावी, ढवळताना पळी कोणत्या हाताने धरावी, हे मी तिला सविस्तर सांगितलं. पोर हुशार निघाली. वाद घातला नाही, रडली नाही, माहेरी फोन केला नाही.

पावसाळा लागल्यावर बाजारात वास्ते आले. बांबूचे ते कोवळे कोंब तिने चिरले, पाणी बदलून-बदलून उकळले, कडवटपणा काढला. मग लाल तिखट, लसूण, आलं, मीठ चोळून बरणीत भरले आणि काही दिवस आंबू दिले. किमची, कोरियातला प्रकार, म्हणे. तिकडे तो कोबीचा करतात, हेही तिने आपणहून सांगून टाकलं, म्हणजे माझ्या हातात तेवढाही मुद्दा राहिला नाही.

वाटी पुढे आली. मी चाखून पाहिलं. आंबट, तिखट, करकरीत. पुन्हा चाखलं. मीठ बरोबर, लसूण बरोबर. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. जाऊ तर फारच शांतपणे. काहीतरी कमी असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ते नेमकं काय, तेवढंच सापडेना. म्हणून मी आणखी एक वाटी मागून घेतली.