बसाले कोनी आलं नाही

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे, एका जागी वाकलेलं. त्या वाकलेल्या जागेतून मूर्तिजापुरातल्या निम्म्या बातम्या इकडच्या तिकडे होतात. शिवाय कढीपत्ता, वाटीभर साखर आणि हल्ली पुस्तकंही.

परवा काकू तुरीचे सोले काढत बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी आधी रस्त्याकडे नजर टाकली आणि मग पदराखालून पुस्तक काढलं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, त्यावर बॉलपेनानं लिहिलेलं : हरिपाठ.

"काकू, हे काय?"

"मंग काय लिहू व? आमचे हे दर घडीले विचारतेत, काय वाचून राह्यली."

आत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' होती. मौजेनं २००६ साली काढलेली. पुण्यातलं चारचौघांसारखं घर, तिथं भाड्यानं राहायला आलेला एक मुलगा, आणि त्याच्यात जीव अडकलेले बहीण-भाऊ. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी येते. त्या मुलाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही.

"पयले मले वाटलं, काहीतरी भलतंच असन," काकू म्हणाल्या. "पन वाचता वाचता भाजी करपली ना माह्यी! पोरगी त्याच्यासंगं गेली, मोडून वापस आली, त सारं घर तिच्याभवती. बरोबरच हाय ते. पन तनयचं काय? मानूस त त्याचाबी तोच गेला!"

"तो कोणाला सांगणार, काकू?"

"तेच म्हनतो मी. आपल्या इथं कोनी गेलं त सारी गल्ली बसाले येते. ह्या पोराच्या दुखाले बसाले कोनी आलं नाही."

एवढी कादंबरी मी दोनदा वाचली, पण मला हे असं सांगता आलं नसतं.

तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'वर मात्र काकू भडकलेल्या. १९८१ सालचं नाटक. बाईवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडींनी रंगवली होती. शेवटी मित्रा जीव देते. "मारलं काऊन तिले? दुसरं काही सुचलं नाही?" मी तेंडुलकरांची बाजू घेतली. तेव्हा असं प्रेम रंगमंचावर आणणंच धाडसाचं होतं. काकूंना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही.

बिंदुमाधव खिरेंच्या 'पार्टनर'वर आमचं जमलं नाही. पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' उभारणाऱ्या माणसाचं ते पुस्तक. मला त्यात मध्ये मध्ये शिकवणी लागते. काकूंना तेच आवडलं. "समजते तरी! आमच्यासारख्याईले शिकोनारं कोन हाय?"

मग मी 'साबर बोंडं'ची गोष्ट सांगितली. रोहन कानवडेंचा मराठी सिनेमा, २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात बक्षीस घेऊन आलेला. बाप गेला म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. पाहुणे बसायला येतात आणि लग्नाचं विचारून डोकं खातात. त्यातच लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा जवळ येतो.

काकूंचे हात थांबले. "म्हनजे बसाले येऊनबी त्याले पोखरतच राह्यले."

"आता असं प्रेम कायद्यानं गुन्हा नाही, काकू. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं. लग्नाला मात्र २०२३ मध्ये नाही म्हटलं."

"म्हनजे जेल नाही, पन सोयरीकबी नाही." काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या दर्यापूरच्या बहिनीचा पोरगा मित्रासंगं राह्यते पुन्याले. दर दिवाईले मीच त्याले पोरी सुचवत होतो व."

मी काही बोलले नाही. त्यांनी ओंजळभर सोले माझ्या वाटीत टाकले.

"हे पुस्तक बहिनीले देतो. चालन ना?"

"चालेल की. कव्हर काढू?"

"राहू दे! तिच्या घरी हरिपाठच चालते."

पुस्तक सध्या दर्यापुरात आहे. परत आलं की कोणाला हवं असेल त्यांनी वाकलेल्या तारेपाशी यावं. कव्हर पाहून मात्र मागे फिरू नये.