माझा आवाज येतोय का?

पुण्यात रात्रीचे ९ वाजले की आमच्या घरात एकच प्रश्न घुमतो, ‘माझा आवाज येतोय का?’ स्वयंपाकघरातून आई ओरडते, ‘अख्ख्या सोसायटीला येतोय!’ कॅलिफोर्नियात मात्र पोचलेला नसतो. मी म्यूटवर असतो.

तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मंडळी घड्याळ तासभर मागे घेतात आणि आमची बैठक १० वाजता सरकते. घड्याळ त्यांचं, ॲसिडिटी आमची.

अंतर मिटवायला साधनं मुबलक. गप्पांना स्लॅक, बैठकीला टीम्स, कामं नोंदवायला सगळ्यांची जिरवणारं जिरा; आणि यांपैकी नेमकं कशात काय लिहिलंय, हे विचारायला व्हॉट्सॲप. स्लॅक हे नाव म्हणे ‘सगळ्या संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंद’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं. मंगळवारचा एक निर्णय मी त्यात तासभर शोधला. सापडले १४ अंगठे, ३ केक आणि ‘यावर ऑफलाइन बोलू’. बोलणं झालंही होतं, पण लिहून कोणी ठेवलं नव्हतं.

घरबसल्या कामाचं भवितव्य काय, असं शेजारचे काका परवा विचारत होते. त्यांना एवढंच सांगितलं : २०२३च्या ऑगस्टमध्ये खुद्द झूम कंपनीने कचेरीपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस कचेरीत यायला फर्मावलं.