सब की डब?

"वहिनी, कपडे नंतर वाळत घाला. समोरच्यांच्या धाकटीचं जमलं!"

"अगं बाई! ती सीए करणारी? ती तर कुणाशी बोलतसुद्धा नाही."

"मोबाइलवर रात्री दोनपर्यंत बोलते की! तिथे नावही निराळं. आणि फोटोत कोण तो, काळा झगा, लाल ढग..."

"इटाची, काकू. नारुतो या जपानी कार्टूनमधला. आमच्या चिरंजीवांचाही डीपी तोच. अख्खं घराणं कापून काढलं त्याने, धाकटा भाऊ तेवढा सोडला."

"आणि असल्याचा फोटो लावतात?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, पुढचं बघ, गावासाठी केलं त्याने. दोन्ही मालिकांचे मिळून 720 भाग आहेत, बघू कधी? आणि बोलू तरी काय, 2025च्या मार्चात आमच्या ह्यांनीच नव्हता का तो घिबलीवाला फोटो लावला? टक्कल गायब, डोळे हे एवढे!"

"असो. मुलगा अंबरनाथचा, वडील ऑर्डनन्समधून रिटायर. पोहे झाले, दोघांना गच्चीवर पाठवलं. मी जिन्यात होते... कप आणायला हो!"

"कळलं. पुढे?"

"त्याने ना पगार विचारला, ना स्वयंपाक. तिच्या मोबाइलच्या कव्हरवर त्या नारुतोतल्या गावाचा, पानाचा शिक्का होता, तो बघितला आणि म्हणाला, 'सब की डब?'"

"म्हणजे जपानी ऐकत खालची अक्षरं वाचायची, की सरळ हिंदीत बघायचं."

"तुम्हाला बरं ठाऊक! ती म्हणाली, 'सब.' झालं, अर्धा तास दोघं खाली उतरेनात. सप्टेंबरात डीमन स्लेयर लागला होता ना, तेव्हा पहिल्याच दिवशी कल्याणला दोघं एकाच थिएटरात होती म्हणे."

"आणि तो फोटोतला झगा?"

"आहे ना त्याच्याकडे! गजानन मार्केटातून काळं कापड, लाल सॅटिनचे ढग, कडेने पांढरी पायपिंग. उल्हासनगरच्या शिंप्याने विचारलं, 'साईं, कौन से भगवान का ड्रेस है?' तो घालून बीकेसीला कॉमिक कॉनला गेला, तोही लोकलने. चक्क बसायला जागा मिळाली."

"घाबरून दिली असेल."

"आता रिसेप्शनला दोघांना तसलेच झगे हवेत. लग्नात काळं! त्याच्या आईने जेवण सोडलं. मग पोरीनेच तोड काढली, पहिल्या संक्रांतीला घालू. तेव्हा काळंच लागतं, वर हलव्याचे दागिने."

"हुशार आहे हो!"

"तिला हलव्याची कपाळपट्टीसुद्धा हवीय. पानाचा शिक्का, त्यावर आडवी चीर. गाव सोडल्याची खूण म्हणे ती."

"चीर हलव्यात कशी काढणार? स्टेशनजवळच्या मावशी मुकुट, बाजूबंद करतात, पण हे..."

"काळे तीळ लावून बघतील. नोव्हेंबरातच सांगावं लागेल पण. हळदीकुंकवाचं बोलावणं तुम्हालाही येईल. मी सांगितलं म्हणू नका हं."